ग्राफीनचा पहिला ट्रान्झिस्टर: चिकटपट्टीपासून मोजमापापर्यंत

एका अणूच्या जाडीचा पापुद्रा हाताळायचा कसा, असं ग्राफीनच्या कामाला लागलेला प्रत्येक नवा विद्यार्थी पहिल्याच आठवड्यात विचारतो. तो हाताळायचा नसतोच. हातात असते चिप, चिकटपट्टी आणि चिमटा. ग्राफीन त्यांच्या मागून येतं आणि त्यांची सगळी घाण अंगावर घेऊन येतं. सिलिकॉनच्या तुकड्याला निदान 'आत' नावाची जागा असते. ग्राफीनला ती नाही, ते वरूनही पृष्ठभाग आणि खालूनही पृष्ठभाग. त्याला काय शिवलं आणि काय चिकटलं, यावरच तुमचं उपकरण चालणार की नाही हे ठरतं. पुढच्या पायऱ्या वाचताना हे मनात ठेवलंत तर निम्म्या सूचना तुम्हाला आधीच सुचतील.

हा लेख एम.एस्सी., एम.टेक. किंवा पीएच.डी.च्या पहिल्या वर्षात असलेल्यांसाठी आहे. क्लीनरूम, म्हणजे धूळ गाळलेली प्रयोगशाळा, आपल्या कॉलेजात नसली तरी अडत नाही. आयआयटी मुंबई आणि बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेसारख्या ठिकाणी केंद्र सरकारच्या 'इंडियन नॅनोइलेक्ट्रॉनिक्स युजर्स प्रोग्रॅम'मधून बाहेरच्या संशोधकांना प्रस्ताव देऊन काम करता येतं. तिथे मिळणारे दिवस मोजकेच असतात, म्हणून काय कधी करायचं हे जाण्याआधीच डोक्यात पक्कं हवं.

काय बनवायचं आणि कशाची आशा धरायची नाही

पेन्सिलीतल्या ग्रॅफाइटमध्ये कार्बनच्या षटकोनी जाळीचे थर ०.३३५ नॅनोमीटर अंतरावर एकावर एक रचलेले असतात. त्यातला सुटा एकेरी थर म्हणजे ग्राफीन. एका थरातली पकड घट्ट असते, शेजारच्या दोन अणूंमधलं अंतर ०.१४२ नॅनोमीटर. थराथरांमधली पकड मात्र सैल. चिकटपट्टीने थर सुटतात ते त्यामुळेच. मँचेस्टर विद्यापीठात आंद्रे गाइम आणि कोन्स्तान्तिन नोवोसेलोव यांनी २००४ मध्ये हे करून दाखवलं आणि २०१० मध्ये त्यांना भौतिकीचं नोबेल मिळालं. चिकटपट्टीची गोष्ट जो तो सांगतो, पण त्या शोधनिबंधाचा खरा गाभा विजेचा होता. खालच्या सिलिकॉनला व्होल्टेज दिलं की त्याच पापुद्र्यातून कधी इलेक्ट्रॉन वाहतात, तर कधी 'होल', म्हणजे इलेक्ट्रॉनच्या रिकाम्या जागा. आपण तेच उपकरण बनवणार आहोत. खाली सिलिकॉनचं गेट, म्हणजे व्होल्टेज देऊन वरचा प्रवाह कमी-जास्त करणारा भाग, मध्ये वीज न वाहू देणारं सिलिकॉनचं ऑक्साइड, वर ग्राफीन आणि त्यावर वीज आत-बाहेर नेणारे सोन्याचे संपर्क.

आता आशेचं. सिलिकॉनमध्ये १.१ इलेक्ट्रॉन-व्होल्टची ऊर्जादरी, म्हणजे इलेक्ट्रॉनना मनाई असलेला ऊर्जेचा पट्टा, असते, म्हणून ट्रान्झिस्टर 'बंद' केला की प्रवाह जवळजवळ थांबतो. ग्राफीनमध्ये ही दरी शून्य आहे. फिलिप वॉलेस यांनी १९४७ मध्येच, ग्रॅफाइटचा अभ्यास करताना, हे गणिताने दाखवलं होतं. ग्राफीनचा नळ कितीही आवळा, तो ठिबकत नाही, चांगला वाहतच राहतो. आपल्या उपकरणात 'चालू' आणि 'बंद' प्रवाहाचं गुणोत्तर साधारण ५ ते १० येईल. संगणकाच्या चिपला ते किमान काही हजारांत लागतं. तेव्हा ग्राफीन सिलिकॉनची जागा घेणार अशी बातमी दिसली की आधी हे गुणोत्तर बातमीत शोधा. बहुतेक वेळा ते सापडत नाही.

मग बनवायचं कशाला? कारण ज्या पृष्ठभागावर सगळं काही चिकटतं, तोच उत्तम संवेदक होतो. हॉल सेन्सर (चुंबकीय क्षेत्र मोजणारे), जैविक संवेदक, प्रकाश टिपणारी उपकरणं, उच्च वारंवारतेची सर्किटं या जागा ग्राफीनच्या हक्काच्या आहेत. आयबीएमच्या संशोधकांनी २०१० मध्ये १०० गिगाहर्ट्झचा ग्राफीन ट्रान्झिस्टर दाखवला होता. तिथे 'बंद' होणं फारसं लागत नाही, वेगाने डोलणं लागतं.

सामान: वेफरवर पैसे वाचवू नका

वेफर, म्हणजे सिलिकॉनची पातळ चकती, मागवताना दोन गोष्टी लेखी मागा. एक, सिलिकॉन भरपूर डोप केलेलं (वाहकता वाढवायला परके अणू मिसळलेलं), रोधकता ०.००५ ओहम-सेंटीमीटरच्या खाली, कारण तेच आपलं गेट आहे. दुसरी, वरचं ऑक्साइड कोरड्या ऑक्सिजनमध्ये वाढवलेलं आणि नेमकं २८५ ते ३०० नॅनोमीटर जाड. ही जाडी मनात आली म्हणून घेतलेली नाही. एकेरी थर उजेडाचा फक्त २.३ टक्के भाग शोषतो, त्यामुळे काचेवर तो नुसत्या डोळ्यांना दिसणं जवळजवळ अशक्य. ३०० नॅनोमीटर ऑक्साइडवर परावर्तित किरणांची जुळणी अशी होते की तोच थर सूक्ष्मदर्शकाखाली उठून दिसतो. ३०० ऐवजी ३१५ नॅनोमीटर असलं तर तो पूर्ण दिसेनासा होऊ शकतो, असं खुद्द गाइम आणि नोवोसेलोव यांनी लिहून ठेवलंय. ९० नॅनोमीटर ऑक्साइडही चालतं, आणि गेटला व्होल्टेज कमी लागतं. पण पहिल्यांदा करताना ३०० घ्या, जाड ऑक्साइड हाताळणीतल्या चुका पोटात घालतं.

ग्रॅफाइट नैसर्गिक घ्या, मोठ्या चकचकीत पापुद्र्यांचं. महागडं कृत्रिम ग्रॅफाइट पुस्तकात शोभतं, पण त्यातून निघणारे तुकडे बहुधा लहान असतात. चिकटपट्टीसाठी वेफर कापताना वापरतात ती निळी, कमी चिकट टेप उत्तम. घरातली पारदर्शक टेपही चालते, पण ती मागे डिंक ठेवते, आणि तो डिंक पुढे मोजमापात आपली हजेरी लावतो.

पायरी १: चिप धुणं

हिऱ्याच्या टोकाने वेफरचे एक-एक सेंटीमीटरचे तुकडे करा. कापताना उडालेली सिलिकॉनची धूळ हाच पहिला शत्रू. तुकडे ॲसिटोनमध्ये पाच मिनिटं आणि मग आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये पाच मिनिटं, दोन्ही वेळा अल्ट्रासोनिक बाथमध्ये ठेवा. ॲसिटोनमधून काढलेली चिप हवेत वाळू देऊ नका. ते झटकन उडतं आणि आपल्यात विरघळलेला मळ डागासारखा मागे सोडून जातं. ओली असतानाच ती आयसोप्रोपिलमध्ये टाका, मग नायट्रोजनच्या झोतात एका कडेकडून दुसऱ्या कडेला पाणी ढकलल्यासारखी वाळवा.

यानंतर दोन-तीन मिनिटं ऑक्सिजन प्लाझ्मा, म्हणजे विजेने आयनित केलेला ऑक्सिजन. त्याने पृष्ठभागावरचा शेवटचा सेंद्रिय थर जळतो आणि ग्राफीन घट्ट बसतं. याची किंमतही आहे. प्लाझ्माने ऑक्साइडवर जे हायड्रॉक्सिल गट तयार होतात ते पाणी धरून ठेवतात, आणि ते पाणी पायरी ७ मध्ये भेटेल. मी तरीही प्लाझ्मा करतो, कारण मोठा तुकडा मिळाला नाही तर पुढच्या कुठल्याच पायरीला अर्थ नाही. मात्र प्लाझ्मानंतर चिप पडून राहू देऊ नका, टेप आधीच तयार ठेवून पाच मिनिटांच्या आत तिच्यावर लावा.

पायरी २: सोलणं

हात बसायला वेळ लागतो तो या पायरीला, म्हणून जरा सावकाश सांगतो.

टेपचा वीतभर तुकडा कापा, दोन्ही टोकं दुमडून पकडायला जागा करा. ग्रॅफाइटचा एक चांगला पापुद्रा टेपच्या एका बाजूला ठेवून दाबा आणि उरलेलं ग्रॅफाइट चिमट्याने उचला. टेपवर आरशासारखा डाग राहील. आता टेपची दुसरी बाजू त्या डागावर हलकेच टेकवून उघडा, म्हणजे डाग दोन होतील. दर वेळी थोडी सरकवून तीन-चारदा हे करा, की एक चौरस सेंटीमीटर जागा राखाडी, पण अजून चमकणाऱ्या ठिपक्यांनी भरते. तिथे थांबा.

'अजून एकदा' हा मोह फार वाईट. सुरुवातीला मी टेप दहा-बारा वेळा दुमडायचो, जितकं सोलू तितकं पातळ या हिशोबाने. ठिपके मंद काळे पडले, चमक गेली आणि चिपवर जे उतरलं त्यात दोन मायक्रोमीटरपेक्षा मोठा तुकडा नव्हता. दुमडण्याने थर पातळ होतात हे खरं, पण दर वेळी तुटतातही. टेपवर जाडसर राहिलं तरी चालेल, शेवटचं सोलणं चिपवरच व्हायचं असतं.

प्लाझ्मातून काढलेल्या चिपवर टेप लावा. अंगठ्याने मधून कडेकडे दाबत हवेचे बुडबुडे घालवा, पण घासू नका. मग टेपसकट चिप १०० अंशांच्या हॉटप्लेटवर दीड-दोन मिनिटं ठेवा. थर आणि ऑक्साइड यांच्यामध्ये अडकलेला वायू यामुळे निघून जातो आणि मिळणाऱ्या तुकड्यांचा आकार कितीतरी पटींनी वाढतो. चिप पूर्ण गार होऊ द्या. गरम असताना ओढलीत तर टेपचा डिंक ताणून चिपवर राहतो.

ओढताना चिप चिमट्याने धरा, टेप जवळजवळ स्वतःवर उलटी वळवा आणि एक सेंटीमीटर ओढायला पूर्ण एक मिनिट घ्या. नीट पाहिलं तर टेप आणि चिप यांच्या सीमेवर एक रेघ पुढे सरकताना दिसते. ती रेघ अडखळली की हात थांबवा, झटका देऊ नका. काम बरोबर झालं असेल तर रिकाम्या डोळ्यांना चिपवर थोडे चंदेरी कण दिसतील, बाकी चिप कोरी वाटेल. आपल्याला हवं ते त्या कोऱ्या वाटणाऱ्या भागातच असतं.

पायरी ३: शोधणं

सूक्ष्मदर्शकाखाली ३०० नॅनोमीटर ऑक्साइड जांभळट दिसतं. ग्रॅफाइटचे जाड तुकडे पिवळे-पांढरे, मध्यम जाडीचे निळे, आणि पातळ होत जातील तसे गडद जांभळे. एकेरी थर म्हणजे पार्श्वभूमीपेक्षा जेमतेम गडद असा एक ओरखडा. दहापट भिंगाखाली चाळणी करा आणि संशय आला की पन्नासपटवर जा. पहिल्या दिवशी दोन तास काहीच दिसत नाही. मग एक दिसतो, आणि त्यानंतर डोळ्याला तोच दिसू लागतो, गव्हातला खडा दिसतो तसा.

डोळ्यांवर सगळं सोडू नका. कॅमेऱ्याचा पांढरा समतोल पक्का करून फोटो घ्या आणि फक्त हिरवा घटक वेगळा काढा. तुकड्याची आणि शेजारच्या रिकाम्या ऑक्साइडची सरासरी उजळता मोजा, त्यांच्यातला फरक ऑक्साइडच्या उजळतेने भागा. एकेरी थराला तुमच्या सूक्ष्मदर्शकावर जो आकडा येईल, समजा ७ टक्के, तो दोन थरांना जवळपास दुप्पट आणि तीन थरांना तिप्पट येतो. पायऱ्या अशा सरळ चढत असल्यामुळे एका चिपवर पाच-सहा तुकडे मोजले की आकडे आपोआप गटांत बसतात. दुसऱ्याच्या शोधनिबंधातला आकडा उचलू नका. भिंग, दिवा, कॅमेरा बदलला की तो बदलतो.

सापडलेल्या तुकड्याची जागा लगेच नोंदवा. चिपवर आधीच सोन्याच्या खुणांची जाळी छापून घेतली असेल तर उत्तम. नसेल तर दहापट, वीसपट आणि पन्नासपट असे तीन फोटो चिपचा कोपरा धरून काढा. संध्याकाळी सापडलेला तुकडा सकाळी हरवणं हा या कामातला सर्वांत स्वस्त आणि सर्वांत चीड आणणारा अपघात आहे.

पायरी ४: रामन

पदार्थावर आदळून विखुरलेल्या प्रकाशाच्या थोड्या भागाचा रंग किंचित बदलतो, हा जो परिणाम १९२८ मध्ये कोलकात्यात सी. व्ही. रामन यांनी शोधला, तोच आज जगभर ग्राफीनचं ओळखपत्र तपासतो. हिरवा, ५३२ नॅनोमीटरचा लेसर घ्या आणि नमुन्यावरची शक्ती एक मिलीवॅटच्या खाली ठेवा, जास्त झाली तर थर तापतो आणि शिखरं सरकतात. आधी सिलिकॉनचं ५२०.७ प्रतिसेंटीमीटरचं (रंगातला बदल याच एककात मोजतात) शिखर जागेवर आहे ना ते पाहा.

ग्राफीनमध्ये १५८० च्या आसपास 'जी' आणि २७०० च्या जरा अलीकडे 'टू-डी' शिखर दिसतं. एकेरी थरात टू-डी एकच, निमुळतं, रुंदीला २५ ते ३० प्रतिसेंटीमीटर आणि उंचीला 'जी'च्या दुप्पट किंवा जास्त असतं. दोन थरांत ते रुंद होतं आणि खांदे काढतं, कारण त्यात चार शिखरं दडलेली असतात. १३५० जवळ 'डी' शिखर दिसलं तर जाळीत दोष आहेत. टेपने काढलेल्या तुकड्याच्या मधोमध ते दिसता कामा नये.

एक सावधगिरी. उंचीच्या गुणोत्तरावर एकट्यावर निकाल देऊ नका. थरावर बाहेरून डोपिंग झालं असेल (परक्या पदार्थांनी त्यात वाहक घातले किंवा काढले असतील) तर टू-डी बुटकं होतं आणि एकेरी थरही संशयास्पद वाटतो. रुंदी आणि आकार जास्त भरवशाचे.

पायरी ५: संपर्क काढणं

इलेक्ट्रॉन-बीम लिथोग्राफीचा, म्हणजे इलेक्ट्रॉनच्या झोताने आकृती काढण्याचा, क्रम ठरलेला आहे, थोडक्यात सांगतो. पीएमएमए रेझिस्ट (झोत पडेल तिथे विरघळण्याजोगं होणारं प्लास्टिक) मिनिटाला ४००० फेऱ्यांवर फिरवून सुमारे २०० नॅनोमीटरचा थर, १८० अंशांवर दीड मिनिट भाजणं, रेखाटन, झोत पडलेला भाग विरघळवणाऱ्या डेव्हलपरमध्ये अर्धं ते एक मिनिट, मग ५ नॅनोमीटर क्रोमियम किंवा टायटॅनियम आणि त्यावर ५० नॅनोमीटर सोनं. सोनं ग्राफीनला आणि ऑक्साइडला नीट धरत नाही, म्हणून खाली हा पातळ चिकटथर.

जिथे लोक चुकतात तेवढं मात्र सांगायला हवं. सिलिकॉनवर काम केलेला माणूस धातू बसवण्याआधी सवयीने थोडा ऑक्सिजन प्लाझ्मा मारतो, रेझिस्टमध्ये उघडलेल्या खिडकीतला उरलासुरला अंश काढायला. इथे तसं केलंत तर संपर्काखालचं ग्राफीनच जळून जातं आणि सोनं रिकाम्या ऑक्साइडवर बसतं. फोटोत सगळं सुरेख दिसतं, प्रवाह मात्र नसतो.

लिफ्ट-ऑफला, म्हणजे रेझिस्टसकट त्यावरचं नको असलेलं सोनं काढायला, अल्ट्रासोनिक वापरू नका. झाकणाच्या बीकरमध्ये ॲसिटोनमध्ये चिप रात्रभर ठेवा, सकाळी पिपेटने हलकेच ॲसिटोनची धार मारा, सोन्याचा नको असलेला पत्रा सुरकुत्या पडत निघून जातो. हे फ्यूम हूडमध्येच करा आणि जवळ हॉटप्लेट चालू ठेवू नका.

संपर्क दोन नकोत, निदान चार काढा. बाहेरच्या दोनमधून प्रवाह द्यायचा, आतल्या दोनवर व्होल्टेज मोजायचं. शक्य असेल तर दुसऱ्या लिथोग्राफीत ऑक्सिजन प्लाझ्माने तुकड्याला पट्टीचा आकार द्या, म्हणजे लांबी-रुंदी नेमकी माहीत राहते. मोबिलिटी हे वाहक (इलेक्ट्रॉन किंवा होल) विद्युतक्षेत्रात किती चपळ धावतात त्याचं माप, आणि वेड्यावाकड्या तुकड्यावरून काढलेली मोबिलिटी म्हणजे अंदाजपंचे दाहोदरसे.

पायरी ६: जोडणी आणि भाजणी

गेटला जोडायचं तर चिपचा एक कोपरा हिऱ्याने खरवडून ऑक्साइड काढा आणि सिल्व्हर पेस्टने खालचं सिलिकॉन पॅकेजच्या तळाला जोडा. सोन्याच्या पॅडवर वायर बाँड करताना, म्हणजे बारीक तार जोडताना, यंत्राची ताकद कमीत कमी ठेवा. जोर जास्त झाला की सुई पॅडखालचं ऑक्साइड फोडते आणि गेट थेट संपर्काला जोडलं जातं. या सगळ्यात मनगटाला अर्थिंगचा पट्टा असू द्या. अंगावरची स्थिर वीज एवढ्याशा पट्टीला एका क्षणात जाळते.

रेझिस्टचा अवशेष ॲसिटोनने पूर्ण जात नाही. बाँडिंगच्या आधी आर्गॉन आणि थोड्या हायड्रोजनच्या मिश्रणात ३०० अंशांवर दोन-तीन तास भाजलं तर बराचसा जातो. भट्टी नसेल तर निर्वातात २०० अंशही चालतं. हायड्रोजनची परवानगी, गळती-सूचक आणि माहीतगार माणूस हे तिन्ही असल्याशिवाय ती भट्टी लावू नका.

पायरी ७: मोजणं

आधी गेटची गळती पाहा. ग्राफीनमधून काही न सोडता गेट हळूहळू १० व्होल्टपर्यंत न्या. गळती एक नॅनोअँपिअरच्या आत राहिली तर पुढे जा. ३०० नॅनोमीटर ऑक्साइडवर मी ६० व्होल्टच्या वर सहसा जात नाही.

आता ग्राफीनच्या दोन टोकांना काही मिलीव्होल्ट द्या आणि गेट उणे ४० पासून अधिक ४० पर्यंत फिरवा, मग उलट. रोधाचा आलेख डोंगरासारखा दिसायला हवा. मधलं शिखर म्हणजे डिरॅक बिंदू, जिथे इलेक्ट्रॉन आणि होल दोन्ही सर्वांत कमी. डावीकडे होल वाहतात, उजवीकडे इलेक्ट्रॉन. स्वच्छ ग्राफीनमध्ये शिखर शून्य व्होल्टवर हवं, तुमचं तिथे नसेल.

मला पहिल्यांदा शिखर सापडलंच नाही. अधिक ६० पर्यंत गेलो तरी रोध चढतच होता, डोंगराची फक्त डावी उतरण. उपकरण फुकट गेलं असं धरून चिप फेकायला निघालो होतो. मुंबईचा जुलै होता, उपकरण दोन दिवस उघड्या हवेत पडलेलं. हवेतलं पाणी आणि ऑक्सिजन ग्राफीनमधून इलेक्ट्रॉन ओढून घेतात आणि मागे होल ठेवतात, त्यामुळे शिखर उजवीकडे पळतं. चिप निर्वातात रात्रभर १२० अंशांवर ठेवली, सकाळी शिखर अधिक ११ वर होतं. लोणच्याच्या बरणीत ओला चमचा गेल्यासारखं आहे हे, फक्त इथे बरणी वाळवता येते. जाताना आणि येताना शिखर वेगळ्या जागी दिसलं तर तेही बहुतेक पाण्याचंच काम. पायरी १ मध्ये सांगितलेले हायड्रॉक्सिल गट इथे व्याज वसूल करतात. अशा वेळी दोन्ही आलेख छापा. सोयीचा एक निवडणं म्हणजे लबाडी.

हिशोब करून पाहू. ३०० नॅनोमीटर ऑक्साइडची धारिता दर चौरस सेंटीमीटरला ११.५ नॅनोफॅरड. म्हणजे डिरॅक बिंदूपासून गेट एक व्होल्ट हलवलं की दर चौरस सेंटीमीटरला सुमारे ७,२०० कोटी वाहक वाढतात. समजा पट्टी ५ मायक्रोमीटर रुंद, आतल्या संपर्कांमधलं अंतर १० मायक्रोमीटर, डिरॅक बिंदू अधिक १२ वर आणि गेट उणे ८ वर असताना चार-टोकी रोध १३०० ओहम आला. लांबी-रुंदीचं गुणोत्तर २, म्हणून चौरसाचा रोध ६५० ओहम आणि वाहकता १.५४ मिलीसिमेन्स. गेट २० व्होल्ट दूर आहे, म्हणजे वाहक १.४४ लाख कोटी. वाहकतेला वाहकांच्या संख्येने आणि इलेक्ट्रॉनच्या प्रभाराने भागा. मोबिलिटी आली सुमारे ६,७०० चौरस सेंटीमीटर प्रतिव्होल्ट-सेकंद. ऑक्साइडवरच्या पहिल्या उपकरणासाठी हा चांगला आकडा. २,००० आला तरी रडू नका, २०,००० आला तर लांबी-रुंदी पुन्हा मोजा.

दोनच संपर्कांवर मोजलंत तर त्या १३०० ओहममध्ये संपर्कांचा रोधही मिसळतो आणि मोबिलिटी खोटीच कमी दिसते. डोंगराच्या दोन उतरणी सारख्या नसतील तर बहुधा धातूने संपर्काजवळचं ग्राफीन डोप केलंय.

मोठं क्षेत्र हवं असेल तर: तांबं

चिकटपट्टीने भौतिकी होते, कारखाना होत नाही. पन्नास सारखी उपकरणं हवी असतील तर ग्राफीन तांब्यावर वाढवलेलं घ्या. टेक्सास विद्यापीठाच्या ऑस्टिनमधल्या रॉडनी रुऑफ यांच्या गटाने २००९ मध्ये दाखवलेली रीत अशी: २५ मायक्रोमीटर जाड तांब्याचा पत्रा १००० अंशांवर, त्यावर मिथेन आणि हायड्रोजन. तांब्यात कार्बन जवळजवळ विरघळत नाही, म्हणून पृष्ठभाग एकदा झाकला गेला की वाढ बहुतांशी आपोआप थांबते आणि एकेरी थर मिळतो. दुसऱ्याच वर्षी दक्षिण कोरियात याच रीतीने ३० इंची पत्रा तयार झाला.

खरी परीक्षा उतरवण्यात. पत्र्याच्या एका बाजूवर पीएमएमएचा थर द्या, मागच्या बाजूचं ग्राफीन ऑक्सिजन प्लाझ्माने काढा. हे विसरलात तर तो मागचा थर चुरगळून पुढच्याला चिकटतो. मग पत्रा अमोनियम परसल्फेटच्या द्रावणावर तरंगत सोडा. काही तासांत तांबं विरघळतं आणि पाण्यावर साईसारखा पारदर्शक पडदा उरतो. तो स्वच्छ चिपने खालून उचलून शुद्ध पाण्याच्या भांड्यात सोडा, असं तीन-चारदा. शेवटी प्लाझ्मा केलेली चिप तिरकी धरून पडद्याची एक कड तिला टेकवा आणि पाण्यातून इतकी हळू वर घ्या की पाणी एका बाजूने निथळत जाईल. घाई केली की मध्ये पाण्याचा डबरा अडकतो, आणि भाजताना तो वाफ होऊन पडदा फाडतो. चिप तासभर उभी ठेवा, रात्रभर वाळवा, मग १५० अंशांवर भाजा आणि शेवटी ॲसिटोन. फेरिक क्लोराइडनेही तांबं जातं, पण लोखंडाचा अंश मागे राहतो, म्हणून मी ते टाळतो.

उतरवताना पडलेल्या सुरकुत्या आणि उरलेला रेझिस्ट यांमुळे या ग्राफीनची मोबिलिटी टेपवाल्यापेक्षा सहसा कमी येते. संवेदकासाठी ती पुरते.

ऑक्साइडला रामराम

पहिलं उपकरण चाललं की पुढची हाव सुटते. ऑक्साइडचा पृष्ठभाग खडबडीत आहे, त्यात प्रभार अडकलेले असतात आणि त्याची कंपनंही ग्राफीनमधल्या वाहकांना अडवतात. नुसत्या या कंपनांमुळेच सामान्य तापमानाला मोबिलिटी ४०,०००च्या आसपास अडकते. कोलंबिया विद्यापीठात २०१० मध्ये ग्राफीन षटकोनी बोरॉन नायट्राइडच्या स्फटिकावर ठेवलं गेलं आणि ६०,०००च्या घरातले आकडे मिळाले. ती जाळीही षटकोनीच, अणुपातळीवर सपाट, लटकते बंध नसलेली. जगातल्या बहुतेक प्रयोगशाळांत हे स्फटिक जपानमधल्या त्सुकुबाच्या एका संस्थेतून, तानिगुची आणि वातानाबे यांच्याकडून येतात. २०१३ मध्ये ग्राफीन दोन बोरॉन नायट्राइड थरांमध्ये पूर्ण बंद करून फक्त कडेवरून धातू जोडण्याची रीत आली. वरून काही शिवायलाच नको, मग मळ कुठून येणार?

ऊर्जादरीच हवी असेल तर मात्र वाट वेगळी. ग्राफीनच्या दहा नॅनोमीटरहून अरुंद पट्ट्या कापा, दोन थरांवर काटकोनात विद्युतक्षेत्र लावा, किंवा सिलिकॉन कार्बाइडवर ग्राफीन वाढवा. या शेवटच्या रीतीने जॉर्जिया टेक आणि चीनमधल्या त्यानजिनच्या संशोधकांनी २०२४ मध्ये ०.६ इलेक्ट्रॉन-व्होल्टची दरी मिळवल्याचं प्रसिद्ध केलं. माझा सल्ला विचाराल तर, स्विच बनवायचा असेल तर मॉलिब्डेनम डायसल्फाइड घ्या. सोलायची रीत हीच, आणि दरी त्याच्यात मुळातच आहे.

चिप ठेवायची ती सिलिका जेल असलेल्या डेसिकेटरमध्ये, पॅकेजच्या सगळ्या पिना एकमेकींना जोडून. डब्यावर तारीख, शेवटचा डिरॅक बिंदू आणि तो हवेत मोजला की निर्वातात, एवढं लिहा. आठवड्याने पुन्हा मोजा. शिखर किती सरकलं ते पाहिलं की डबा हवाबंद आहे की नाही, ते कळेल.